एकी, बेकी आणि किल्ला

एक दोन रुपयांचं नाणं घ्या आणि एक पाचचं. एक उजव्या मुठीत धरा, एक डाव्या मुठीत. कुठलं कुठं ते सांगू नका. आता उजव्या मुठीतल्या रकमेला दोनानं गुणा, डाव्या मुठीतल्या रकमेला तीनानं, आणि दोन्हींची बेरीज करा. बेरीजही सांगू नका. ती सम आली की विषम, तेवढंच कळू द्या.

विषम आली? मग पाचचं नाणं डाव्या मुठीत आहे. सम आली असेल तर उजव्या.

समोरचा माणूस आधी नाणी बघतो, मग तुमच्याकडे बघतो. गणितात जरा बरा असेल तर दोन मिनिटांत त्याची ट्यूब पेटते. उजव्या मुठीत काहीही असो, दोनानं गुणल्यावर ते समच होणार, म्हणजे त्या मुठीनं बोलायचं कामच नाही. सगळी चहाडी डावी मूठ करते. तीनानं गुणल्यावर दोनचे सहा होतात आणि पाचचे पंधरा. एक सम, एक विषम. झालं. दोन आणि पाचऐवजी एक आणि दोन चालतील, पाच आणि दहा चालतील. दहा आणि वीस घेतलेत तर मात्र तोंडघशी पडाल.

आमच्या लहानपणी या विद्येला नाव होतं ‘एकी-बेकी’. मुठीत चिंचोके घ्यायचे आणि विचारायचं, एकी की बेकी? ओळखलं तर चिंचोके त्याचे, चुकलं तर तेवढेच त्यानं द्यायचे. हा खेळ पोरांचा असला तरी त्याचं कूळ फार जुनं आहे. वैदिक काळातले जुगारी बेहड्याच्या बिया मूठभर उचलून चार-चारांनी मोजत. काहीच उरलं नाही तर कृत, तीन उरल्या तर त्रेता, दोन उरल्या तर द्वापर आणि एकच उरली तर कली. चार युगांची नावं म्हणजे मुळात भागाकारातल्या बाक्या! महाभारतात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं-फळं किती ते सांगतो. सारथ्याच्या वेशातला नळ रथ थांबवून झाड तोडतो आणि मोजून बघतो. आकडा बरोबर निघतो, आणि नळ त्याच्याकडून ती विद्या मागून घेतो. मला या गोष्टीत ऋतुपर्णापेक्षा नळ जास्त आवडतो. चमत्कार बघितल्यावर त्यानं हात जोडले नाहीत, आधी मोजलं.

‘मेंटॅलिझम’ या भारदस्त नावाखाली रंगमंचावर जे चालतं, त्याचा निम्मा संसार या एकी-बेकीवर उभा आहे. मन वाचायचं नसतं, मोजायचं असतं. जे मोजतोय ते मात्र कुणाच्या लक्षात येऊ द्यायचं नसतं.

हे प्रकरण मी कोलकात्यात, हुगळीकाठी प्रिन्सेप घाटाच्या पायऱ्यांवर बसून मनात जुळवलं. तिथं जायचं मूळ कारण घाट नव्हतं. मला फोर्ट विल्यम बघायचा होता. पण तो लष्कराच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे, उठलं आणि आत गेलं असं होत नाही. तेव्हा किल्ल्याच्या वॉटर गेट आणि सेंट जॉर्ज गेट या दोन दरवाजांच्या मधोमध नदीकडे असलेल्या या घाटावर बसलो. डोक्यावर विद्यासागर सेतू, मागं चक्ररेल्वेचे रूळ, शेजारी झालमुढीवाल्याचा टिनाचा डबा आणि त्याचा बारा-तेरा वर्षांचा पोरगा. खिशात सुट्टे भरपूर होते.

या किल्ल्याचं आणि नाण्याचं नातं असं आहे की नाण्यांच्या जादूवर लिहायला दुसरी जागा शोधायची गरज पडू नये. सुरुवात नावापासूनच. फोर्ट विल्यमचं नाव लष्करानं आता ‘विजय दुर्ग’ केलं आहे. बदल झाला २०२४ च्या डिसेंबरात, बातमी फुटली २०२५ च्या फेब्रुवारीत. नाव घेतलं आहे ते आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गाचं. आतल्या किचनर हाउसचं माणेकशॉ हाउस झालं आणि सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी द्वार. ज्या शहरानं १७४२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांना घाबरून वेशीवर ‘मराठा खंदक’ खणायला घेतला आणि ज्याच्या अंगाईत अजून बर्गी येतात, त्या शहरात हे घडलं. पण खरी गंमत याच्याही आधीची आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत आंग्र्यांचा विजयदुर्ग, इंग्रजांच्या तोंडचा घेरिया, अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमारानं आणि रॉबर्ट क्लाइव्हच्या फौजेनं घेतला. तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते, हे आपण जरा हळू आवाजात म्हणतो. त्याच वर्षी जूनमध्ये सिराजउद्दौलानं कलकत्त्याचा जुना फोर्ट विल्यम जिंकला. पुढच्या जानेवारीत तो परत घ्यायला आले ते हेच दोघे, वॉटसन आणि क्लाइव्ह. प्लासीनंतर, १७५८ मध्ये, क्लाइव्हनं नव्या जागी नवा किल्ला बांधायला घेतला. म्हणजे ज्यानं विजयदुर्ग पाडाव केला त्यानंच सुरू केलेल्या किल्ल्याला आज विजयदुर्ग म्हणतात. नाणं हवेत उडालं आणि दोनशे अडुसष्ट वर्षांनी दुसऱ्या बाजूवर पडलं.

आता नाण्याकडे. १७५७ च्या फेब्रुवारीत सिराजउद्दौलाशी झालेल्या तहात कंपनीला कलकत्त्यात नाणी पाडायचा हक्क मिळाला. पहिली टांकसाळ निघाली ती जुन्या किल्ल्याच्या आवारात, आज जिथं जनरल पोस्ट ऑफिसचा घुमट दिसतो तिथं. पण लोकांचा विश्वास मुर्शिदाबादच्या सिक्क्यावर, कंपनीच्या नाही. तेव्हा कलकत्त्यात पाडलेल्या रुपयावर मुर्शिदाबादचं नाव आलं. हे झालं पहिलं खोटं.

दुसरं याहून सुरेख आहे. बंगालात रुपयाची किंमत त्यावर छापलेल्या सालावरून ठरे. चालू सालाचा सिक्का पूर्ण किमतीचा. साल उलटलं की सराफ त्यावर सुमारे तीन टक्के बट्टा कापणार, आणखी एक साल गेलं की एकूण पाच. चांदी तेवढीच, वजन तेवढंच, तरी रुपया म्हातारा झाला म्हणून स्वस्त. आपल्याकडेही अंकुशी, चांदवडी अशा नाना रुपयांवर सराफांचा बट्टा चालेच. ‘नावाला बट्टा लागला’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या सराफाच्या गादीवरच बसलेले असतो. कंपनीला या बट्ट्यानं हैराण केलं. अखेर तिनं असा तोडगा काढला की कुठल्याही जादूगारानं पाया पडावं: रुपयाला म्हातारं होऊच द्यायचं नाही. बादशहा शाह आलम दुसरा याच्या राज्यारोहणाचं एकोणिसावं साल नाण्यावर गोठवून टाकलं. त्यानंतर दरवर्षी कलकत्त्यात लाखोंनी रुपये पडत राहिले आणि प्रत्येकावर तेच, सन १९, मुक्काम मुर्शिदाबाद. शाह आलम १८०६ मध्ये वारला. रुपयाला ते कुणी सांगितलं नाही. १८३५ मध्ये विल्यम राजाचा मुखवटा असलेला कंपनीचा एकसारखा रुपया आला, तोवर मेलेल्या बादशहाचं एकोणिसावं साल चालूच होतं.

नाण्याची जादू करणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. बघणारा नाण्याचं तोंड वाचतो. जादूगार तोंडाकडे बघतच नाही. तो बघतो नाण्याची संख्या, त्याचं ऊन-गारपण, त्याच्यामागचा हात.

घाटावर मी त्या पोराला आधी पालटायचा खेळ दाखवला. सात नाणी ओळीनं मांडायची, काही सिंह वर, काही आकडा वर. पाठ फिरवण्याआधी वर दिसणारे सिंह मोजून घ्यायचे. किती हे महत्त्वाचं नाही, एकी की बेकी एवढंच. मग पाठ फिरवून सांगायचं, हवं ते नाणं उलट, हवं तितक्यांदा, तेच नाणं पुन्हा उलटलंस तरी हरकत नाही. फक्त दर उलटण्याला तोंडानं ‘हं’ म्हण. प्रत्येक ‘हं’बरोबर मनात एकीची बेकी करायची, बेकीची एकी. शेवटी त्यानं कुठल्याही एका नाण्यावर तळहात ठेवायचा आणि तुम्ही वळायचं. समजा सुरुवातीला सिंह चार होते, म्हणजे बेकी. पाच वेळा ‘हं’ आलं, म्हणजे आता एकी असायला हवी. समोर उघडे सिंह दिसतायत दोन. मग हाताखाली सिंहच आहे. दुसरं असूच शकत नाही.

याची रंगत सगळी वेळकाढूपणात आहे. वळल्याबरोबर उत्तर दिलंत तर लोक समजतात, गणित होतं. त्याच्या हातावर हात न टेकवता धरा, डोळे मिटा, ‘तू आत्ता नाण्याचा विचार करत नाहीयेस’ म्हणून त्याला दटावा. उत्तर कधीच तयार असतं, पण ते मिळवताना तुम्हाला कष्ट पडतायत असं दिसलं पाहिजे. चांगला वैद्य नाडी बघताना जसा छताकडे बघतो तसं.

दुसरा खेळ याहून जुना वाटावा इतका साधा आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत गोड. पैशांचा ढीग ठेवा. समोरच्याला त्यातली हवी तितकी नाणी गुपचूप उचलू द्या, विसापेक्षा कमी. तुम्ही उरलेल्यांतली मूठभर घेता, आणि त्यात मनातल्या मनात मोजून तेवीस ठेवता. मग गंभीरपणे सांगता: माझ्याकडे तुझ्याइतकी नाणी आहेत, वर तीन जास्त आहेत, आणि त्याउपर तुझी वीस भरायला जितकी कमी पडतील तितकी आहेत. आता मोजा. त्याची निघाली तेरा. तुम्ही तेरा मोजून देता, मग तीन. हातात उरली सात. तेरा आणि सात वीस! लोक चाट पडतात. नीट बघा, तुम्ही काय सांगितलंत? माझ्याकडे तेवीस आहेत, एवढंच. त्याच्या तेराबद्दल तुम्हाला काहीही माहीत नव्हतं. एका आकड्याचे तीन तुकडे करून तीन वाक्यांत पसरले, आणि ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्यात आपलं नाव ऐकलं. कुडमुडे जोशी आणि पिंगळे दारात येऊन जे बोलत त्याची घडण हीच असे. ‘जवळच्या माणसानं दगा दिलाय, पण दिवस फिरणार.’ वाक्य सगळ्यांचं असतं, घेणारा ते आपलं म्हणून घेतो.

तिसऱ्याला गणित लागत नाही. एक नाणं द्या, पाठ फिरवा, कुठल्याही एका हातात धरायला सांगा. मग म्हणा, तो हात मूठ वळून कपाळाशी ने आणि मन एकाग्र कर. दुसरा हात खाली लोंबू दे. तीसेक सेकंद काहीबाही बोलत राहा. मग म्हणा, आता दोन्ही मुठी पुढं कर. वळा आणि बघा. वर धरलेल्या हातातलं रक्त उतरलेलं असतं, त्यामुळं तो हात किंचित फिकट दिसतो आणि मनगटाच्या मागच्या शिरा बसलेल्या असतात. खाली लोंबणाऱ्या हाताच्या शिरा टरारलेल्या. आपल्या सावळ्या कातडीवर रंगापेक्षा शिरांवर भिस्त ठेवावी. तरी अडलंच तर नाकाकडे बघा. बऱ्याच माणसांचं नाक नकळत नाण्याच्या बाजूला थोडं वळतं. हे दर वेळी साधत नाही, पण पहिल्या खुणेला दुजोरा म्हणून बरं.

गार नाण्याचा खेळही असाच शरीराचा. ताटलीत आठ-दहा नाणी, एक निवडून लोकांत हातोहात फिरवायचं, मग डोळे बांधलेल्या जादूगारापुढं सगळी टोपीत. तो बोटं फिरवतो आणि नेमकं तेच उचलतो, कारण तेवढंच कोमट असतं. हा खेळ महाबळेश्वरला डिसेंबरात करावा. मे महिन्यात कोलकात्याला करायला गेलात तर सगळी नाणी तापलेली, शिवाय घामानं निसटणारी.

डोळे बांधण्याची गोष्ट निघाली आणि आपण कोलकात्यात आहोत, तेव्हा पी. सी. सरकारांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. टांगाईलकडचा हा माणूस, जन्म १९१३ चा. गणपती चक्रवर्तींकडून धडे घेऊन त्यांनी ‘इंद्रजाल’ जगभर नेलं आणि १९७१ च्या जानेवारीत जपानमध्ये दौऱ्यावर असतानाच ते गेले. डोळ्यांवर कणकेचे गोळे, वर पट्ट्या, आणि तरी फळ्यावर कुणी काय लिहिलं ते वाचणं हा त्यांचा ‘क्ष-किरण डोळ्यां’चा प्रयोग फार गाजला. तो कसा होत असे ते मी सांगणार नाही. त्यांच्या घराण्याचा तो धंदा आहे आणि आपण धंद्याच्या आड येऊ नये. नाण्यांच्या या फुटकळ युक्त्या कुणाच्या पोटावर येत नाहीत म्हणून सांगतोय. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घरातही ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांच्याबाबतही माझा तोच नेम.

पण डोळे मिटून करायची एक गोष्ट मात्र मोकळी आहे. टेबलावर दहा नाणी, त्यांतली चार सिंह वर. तुमचे डोळे बांधलेले. हातानं चाचपून सिंह की आकडा हे कळत नाही असं धरा. आता दहांचे दोन गट करायचे, दोन्हींत सिंह सारखे आले पाहिजेत. अशक्य वाटतं. उपाय एका ओळीचा: कुठलीही चार नाणी वेगळी काढा आणि ती चारही उलटा. बस. चारांत एक सिंह आला असेल तर उरलेल्या सहांत तीन राहिले, आणि उलटल्यावर चारांतही तीनच होतात. दोन आले असतील तर दोन-दोन. मी हे कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्री झोपेतून उठून नाणी मांडली होती. विश्वास बसत नव्हता. खरं तर आजही हात उलटताना क्षणभर बसत नाही.

ज्याच्या नावाच्या घाटावर मी बसलो होतो, तो जेम्स प्रिन्सेप नाण्यांचाच माणूस. १८१९ मध्ये विशीत कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूची पारख करायच्या हुद्द्यावर आला, पुढं तिथला मुख्य पारखी झाला. १८३७ मध्ये त्यानं जे केलं ते मला कुठल्याही रंगमंचावरच्या मनकवडेपणापेक्षा थोर वाटतं. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख त्याच्यापुढं होते. लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. त्यानं बघितलं की जवळपास प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतो. तुकडे सुटे सुटे, जागोजागच्या दगडांवर, शेवट मात्र एक. देवस्थानात अशा पाट्या कोण लावतं? जो दान देतो तो. मग शेवटची अक्षरं ‘दानं’ असणार, आणि त्याआधीचं जे अक्षर वारंवार येतं ते षष्ठीचं ‘स’, अमक्याचं. हा ‘स’ त्याला सौराष्ट्राच्या नाण्यांवरून नुकताच ओळखीचा झाला होता. एवढ्या आधारावर ब्राह्मी उलगडली आणि अशोक बोलू लागला. दोन हजार वर्षांपूर्वी दगड कोरून घेणाऱ्याच्या मनात काय होतं, ते त्यानं ओळखलं. पद्धत कुठली? तीच. तोंडाकडे बघू नका, काय पुन्हा पुन्हा येतं ते मोजा. प्रिन्सेप चाळिशीत गेला. आज त्याच्या घाटाच्या खांबांपाशी लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी असतात.

टांकसाळीवरून आठवलं. आपल्या आजच्या नाण्यावर वर्षाच्या खाली बारीक खूण असते. मुंबईची टांकसाळ चौकट काढते, हैदराबाद चांदणी, नॉयडा ठिपका. कोलकाता काहीच काढत नाही. यावर मी एक छोटा प्रयोग बसवला आहे. समोरच्याला म्हणतो, तुझ्या खिशातलं एक नाणं काढ, मला दाखवू नकोस, वर्षाखाली एक खूण आहे ती मनात धर. आणि त्याच्या डोळ्यांकडे बघत राहतो. खूण सापडली की डोळे थांबतात. नाही सापडली तर नाण्यावर भिरभिरतात, भुवया जवळ येतात, माणूस नाणं उजेडाकडे धरतो. तो तोंड उघडायच्या आत मी म्हणतो, ‘काहीच दिसत नाही ना? कोलकात्याचं आहे ते.’ माणसं दचकतात. उरलेल्या तिघांसाठी मात्र ‘मला टोकं दिसतायत...’ असं म्हणून बघावं. चेहरा कोरा राहिला तर ठिपका. मान हलली तर चौकट किंवा चांदणी, आणि तिथं थोडं नशीब लागतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांतली काही नाणी परदेशी टांकसाळींतूनही पाडून आणली होती, त्यांच्या खुणा आणखी वेगळ्या. असं नाणं निघालं तर विषय बदलावा.

भोकाचा पैसा ज्यांच्या घरी देव्हाऱ्यात किंवा लुगड्याच्या गाठीत सापडतो, त्यांच्यासाठी आणखी एक. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला सरकारनं १९४३ ते १९४७ या वर्षांत मधोमध भोक असलेला पैसा काढला, तो कलकत्त्याच्या टांकसाळीतही पडे. त्यात वीतभर दोरा ओवा. कोपर टेबलावर टेकवून पैसा स्थिर लोंबू द्या. आता सांगा, हलवू नकोस, फक्त मनात म्हण, गोल फिर. थोड्या वेळानं तो गोल फिरू लागतो. म्हण, पुढं-मागं. तसा हलतो. धरणारा शपथेवर सांगतो की मी काही केलं नाही, आणि तो खोटं बोलत नसतो. बोटांचे स्नायू विचारापाठोपाठ इतके सूक्ष्म हलतात की त्याचं त्याला कळत नाही, आणि दोऱ्याची लांबी ते हलणं मोठं करून दाखवते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रलनं हे १८३३ मध्ये लिहून ठेवलं आहे. वीस वर्षांनी फॅरेडेनं फिरणाऱ्या टेबलांवर प्रयोग करून तेच दाखवलं: भुतं टेबल ढकलत नाहीत, भोवती बसलेले ढकलतात. वसतिगृहात पाट मांडून, अक्षरांच्या रिंगणात वाटी नाहीतर रुपया ठेवून ज्यांनी प्लँचेट केलंय, त्यांना तो रुपया कुणी ढकलला याचं उत्तर इथं मिळावं. रवींद्रनाथ ठाकुरांनीही १९२९ च्या अखेरीस प्लँचेटच्या बैठका केल्या होत्या. तेव्हा आपण फार लाजायचं कारण नाही.

एवढं मात्र आहे की या दोऱ्याच्या टोकाला बुवा बसतो. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवत आणि लगेच फोडून सांगत, ते याचसाठी. मी स्वतः घरच्या कार्यक्रमात आधी गंमत करतो आणि जेवणाच्या पानावर उलगडा. मध्ये दोन तास जातात ते माझे.

घाटावर मात्र मी उलगडा केला नाही, आणि मला धडा मिळाला. पालटायच्या खेळात मी पाठ करून उभा होतो. पाच ‘हं’ ऐकले, वळलो, मोजलं आणि छातीठोकपणे सांगितलं, सिंह. पोरानं हात उचलला. आकडा. तो खो खो हसत सुटला. एक नाणं त्यानं ‘हं’ न म्हणता उलटलं होतं. पायरीच्या दगडावर नाणं पालटताना टिक असा आवाज होतो, तो मी ऐकायला हवा होता. पण पुलावरून बस चालली होती. तेवीसचा खेळ त्याला आवडला. एवढंच की मला तेवीस नाणी मोजायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्यानं आपल्या बापाच्या डब्यातले सुट्टे न बघता, नुसत्या अंगठ्यानं चाळवून एकाचे, दोनाचे, पाचाचे असे तीन ढीग करून ठेवले. हाताला कडा आणि जाडी कळते, असं त्यानं खुणेनं सांगितलं. त्याला यात काही विशेष वाटत नव्हतं.

मग तो म्हणाला, ‘काकु, एबार आमी.’ आता माझी पाळी. बंगालीत काकु म्हणजे धाकटा चुलता, पण मिशा असलेल्या मराठी माणसाला स्वतःला काकू म्हणवून घ्यायची सवय व्हायला दिवस लागतात. त्यानं ढिगातलं दोनचं नाणं उचललं, मला दाखवलं, हात पाठीमागं नेले आणि दोन मुठी पुढं केल्या. ‘कोन हाते?’

मी मुठींकडे बघितलं. शिरा सारख्याच. त्याचा हात कपाळाशी न्यायला सांगायचं राहूनच गेलं होतं. नाकाकडे बघितलं, ते सरळ माझ्याकडे होतं. डोळे मात्र क्षणभर उजवीकडे गेले असं वाटलं. मी उजव्या मुठीवर बोट ठेवलं. त्यानं मूठ उघडली, रिकामी. बरं, मग डावी, म्हटलं. त्यानं डावीही उघडली.

झालमुढीवाला कागदाची पुडी वळता वळता हसत होता. दोनचं नाणं त्याच्या डब्याच्या झाकणावर होतं.